विश्लेषण : झेब्रा क्रॉसिंगवरचा पिवळा दिवा कोणाच्या नावाने ओळखला जातो? कोण होते लेस्ली होर-बेलिशा?

ब्रिटनमध्ये झेब्रा क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब आणि त्यावर पिवळसर गोल दिसतो. त्याला ‘बेलिशा बीकन’ म्हणतात. हे नाव एका वाहतूक मंत्र्याचे आहे.

लेस्ली होर-बेलिशा यांचा जन्म १८९३ मध्ये लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. आईने पुन्हा लग्न केले आणि सावत्र वडिलांचे ‘होर’ त्यांच्या आडनावाला जोडले गेले. पहिल्या महायुद्धात ते लष्करात होते. १९२३ मध्ये डेव्हनपोर्टमधून ते खासदार झाले.

१९३४ मध्ये वाहतूक खाते हाती आले, तेव्हा ब्रिटनमध्ये मोटारींना वेगमर्यादाच नव्हती. १९३०च्या कायद्याने ती काढून टाकली होती. त्या एका वर्षात रस्त्यांवर ७,३४३ जणांचा मृत्यू झाला. अपघातग्रस्तांत निम्मे पादचारी होते. मंत्री झाल्यावर लवकरच लंडनच्या कॅम्डन हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडताना भरधाव स्पोर्ट्स कारखाली येता येता खुद्द होर-बेलिशा वाचले.

मग निर्णयांचा धडाकाच लागला. पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग आणि ते लांबून ओळखू यावे म्हणून बीकन आले. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची (सुमारे ४८ किमी) मर्यादा लागू झाली. जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. मृत्यू कमी झाले. १९३५ मध्ये आकडा साडेसहा हजारांवर आला.

या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती अंधारात. सप्टेंबर १९३९ मध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने ‘ब्लॅकआउट’ लागू झाला. रस्त्यावरचे दिवे बंद झाले, गाड्यांचे हेडलाइट झाकले गेले. फूटपाथच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढरे रंगवले, तरी पेट्रोल रेशनवर असताना आणि गाड्या कमी असतानाही मृत्यू वाढले. १९४१ मध्ये ९,१६९ जण गेले. ब्रिटनच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वार्षिक आकडा आहे.

गणित सोपे आहे. ताशी ४८ किमी म्हणजे सेकंदाला १३ मीटर. ब्रेक लावून पूर्ण थांबायला साधारण २३ मीटर लागतात. झाकलेल्या दिव्यात माणूस त्याच्या आतच दिसला, तर चालक कितीही हुशार असला तरी उपयोग नाही. ताशी २० मैलांवर हेच अंतर १२ मीटरवर येते. म्हणूनच फेब्रुवारी १९४० पासून वस्तीत रात्रीची मर्यादा २० मैलांवर आणली गेली.

तेव्हा होर-बेलिशा सरकारमध्ये नव्हते. १९३७ पासून ते युद्धमंत्री होते. सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे पटले नाही आणि जानेवारी १९४० मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांनी त्यांना पदावरून दूर केले. १९४५ मध्ये खासदारकीही गेली.

क्रॉसिंगवर काळे-पांढरे पट्टे आले ते १९५१ मध्ये आणि पुढे बीकन लुकलुकू लागले. होर-बेलिशा यांचे निधन १९५७ मध्ये फ्रान्समधील रीम्स येथे झाले.