दोन ओमेगा व्ही आणि बिलियर्डचं टेबल

थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरला क्विक रिटर्न मेकॅनिझमचा प्रश्न दिसला की हॉस्टेलमधल्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांच्या पोटात गोळा येतो. कारण त्यात तो कोरिऑलिस कंपोनंट असतो. दोन ओमेगा व्ही, दिशेसाठी व्ही नव्वद अंशांत फिरवा, मार्क घ्या आणि पुढे चला. ज्याच्या नावानं आपण एवढी बोटं मोडतो तो माणूस कोण होता, हे मला पूल खेळायच्या नादात कळलं.

मी लातूरचा. घराजवळच्या पार्लरमध्ये पूलचं टेबल आलं तशी आमची कॅरमची टोळी तिकडे वळली. नांदेडला ॲडमिशन झाल्यावर एका सिनियरकडून पूल शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळाली. चेंडू खिशात घालणं ही अर्धीच गोष्ट, खरी करामत पांढरा चेंडू पुढच्या फटक्याच्या जागी नेऊन थांबवण्यात आहे, असा त्यातला पहिला धडा. पुढे आकृत्या वाढत गेल्या आणि एका पानावर चक्क पॅराबोला निघाला. सोबत नाव होतं कोरिऑलिस, साल 1835. तोच, आपला पेपरवाला!

गास्पार-ग्युस्ताव द कोरिऑलिस 21 मे 1792 ला पॅरिसमध्ये जन्मला. ते क्रांतीचं साल. वडील लष्करात अधिकारी आणि राजाच्या बाजूचे, त्यामुळे कुटुंबाला नान्सी गावी निघून जावं लागलं. 1808 साली एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत पोरगा देशात दुसरा आला. नंतर पूल आणि रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी, तीही डोंगराळ मुलखात. तब्येत आयुष्यभर तोळामासा. वडील गेल्यावर घर चालवायची जबाबदारी अंगावर आली. 1816 साली गणितज्ञ कोशीच्या शिफारशीवर तो पॉलिटेक्निकमध्ये ट्यूटर म्हणून लागला. म्हणजे आपला हिरो मूळचा फील्डवरचा सिव्हिल इंजिनिअर. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

1829 साली त्यानं यंत्रांवर पुस्तक लिहिलं. बल गुणिले अंतर याला ‘कार्य’ हे नाव पक्कं केलं ते त्यानंच, आणि गतिज ऊर्जेच्या सूत्रातला तो अर्धाही त्याचाच. त्याआधीचे लोक नुसतंच एम व्ही स्क्वेअर लिहीत.

आता बिलियर्ड. त्या काळी मँगो नावाचा एक फ्रेंच कॅप्टन (नाव वाचून हसू नका) पॅरिसमध्ये गाजत होता. क्यूच्या टोकाला चामड्याची टोपी बसवायची कल्पना त्याची, आणि ती त्याला तुरुंगात असताना सुचली म्हणतात. नुसतं लाकडी टोक चेंडूच्या मधोमध सोडून कुठं लागलं की घसरतं. चामड्यानं पकड आली, मग चेंडूला हवा तसा स्पिन देता येऊ लागला. मँगोनं 1827 साली फटक्यांचं पुस्तकही काढलं. त्याचा खेळ पाहणारे लोक तोंडात बोटं घालत. कोरिऑलिसनं पाहिला आणि कागद-पेन्सिल घेतली. 1835 साली त्याचा बिलियर्डच्या गणिती सिद्धांताचा ग्रंथ आला. 2005 साली तो इंग्रजीतही आला.

त्यातल्या दोन-तीन गोष्टी टेबलावर करून बघण्यासारख्या आहेत. चेंडूला मधोमध मारलं की तो आधी कापडावर घसरतो, मग घर्षणानं हळूहळू लोळायला लागतो आणि तोवर त्याचा वेग पाच सप्तमांश उरतो. पण मध्यापासून त्रिज्येच्या दोन पंचमांश वर मारलं तर पहिल्या क्षणापासून नुसतं लोळणं. पूलचा चेंडू साधारण 57 मिलिमीटरचा, म्हणजे टेबलापासून 40 मिलिमीटरवर. बाजूचा स्पिन हवा असेल तर मध्यापासून अर्ध्या त्रिज्येपर्यंत जा, त्यापलीकडे क्यू घसरलाच समजा. आणि तो पॅराबोला? लोळणारा पांढरा चेंडू दुसऱ्याला तिरका धडकला की आधी काटकोनात निघतो, पण अंगात पुढचा स्पिन शिल्लक असतो, म्हणून पॅराबोलात वळतो आणि स्पिन जिरला की सरळ जातो. हे कळल्यापासून माझा पांढरा चेंडू विनाकारण खिशात जायचा कमी झाला.

रूममेट म्हणतो, पुस्तकं वाचून कोणी खेळाडू होतं का? नाही होत. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्याला बिलियर्डचा जागतिक हौशी विजेता झाला, 1964 साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय. त्यामागे टेबलाजवळ घालवलेली वर्षं होती, समीकरणं नव्हेत. पण दहा तास कशाचा सराव करायचा आणि कशाचा नाही, एवढं पुस्तक नक्की सांगतं. पार्लरमध्ये तासावर पैसे मोजणाऱ्याला हे कमी नाही.

गंमत म्हणजे ज्या दोन ओमेगा व्हीनं तो अमर झाला, तो निबंधही 1835 चाच. त्यात फिरत्या यंत्रांचा विचार होता, वाऱ्याचा नाव नाही. वाऱ्यांना तो हिशोब नंतर अमेरिकेच्या फेरेलनं लावला. विषुववृत्त ओलांडून आलेले वारे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी होऊन आपल्याकडे येतात, त्याला कारण हेच. मराठवाड्यापर्यंत येता येता त्यांच्यात किती पाणी उरतं, तो वेगळा विषय.

1836 साली तो नव्हियेच्या जागी प्राध्यापक झाला. 1838 साली पॉलिटेक्निकचा डायरेक्टर ऑफ स्टडीज. तिथं त्यानं मुलांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय केली आणि मुलांनी त्या पाण्याच्या नळालाच ‘कोरिओ’ नाव पाडलं. एप्रिल 2016 मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या गावच्या माणसाला या माणसाची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती वाटावी? मला तरी हीच वाटते. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्याचं नाव आहे, पण नळाला नाव मिळणं वेगळं.

कामाचा बोजा वाढला आणि मुळातच नाजूक असलेली तब्येत ढासळत गेली. 1829 च्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती त्यानं हातात घेतली होती. 19 सप्टेंबर 1843 ला पॅरिसमध्ये तो गेला, वय 51. पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं.