गडकऱ्यांचें अखेरचें काम

मरण जवळ आलें असें कळलें म्हणजे शहाण्या माणसानें कामधाम सोडून जपमाळ हातीं घ्यावी, अशी आमच्या लोकांची जुनी समजूत आहे. लेखकांविषयीं तर दुसरीच एक समजूत रूढ आहे: क्षयासारखा रोग जडला म्हणजे प्रतिभा आपोआप फुलते, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें या दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि कै. राम गणेश गडकरी यांचें चरित्र त्यास साक्ष आहे.

गडकऱ्यांचा जन्म ता. २६ मे १८८५ रोजीं गुजराथेंत नवसारी येथें झाला. वडील लहानपणींच वारले. पुण्यास शिक्षण झालें, पण तें पदवीपर्यंत पोंचलें नाहीं. किर्लोस्कर नाटक मंडळींत मुलांस शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करलें, व श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांस गुरु मानून ते नाट्यलेखनाकडे वळले. ‘गोविंदाग्रज’ या नांवानें कविता, ‘बाळकराम’ या नांवानें विनोद आणि स्वतःच्या नांवानें नाटकें, असे तीन संसार त्यांनीं मांडले. ‘प्रेमसंन्यास’ व ‘पुण्यप्रभाव’ यांनीं त्यांचा लौकिक झाला. पण ‘राजसंन्यास’, ‘वेड्यांचा बाजार’ हीं नाटकें हातीं घेतलेलीं तशींच राहिलीं. पुढें पुष्कळ आयुष्य पडलें आहे असें मानणाऱ्या माणसाची ही रीत आहे, आणि आमच्यापैकीं कोण तिच्यांतून सुटला आहे?

‘एकच प्याला’ लिहितांना मात्र त्यांची लेखणी शेवटास भ्याली नाहीं. गोड शेवटास सरावलेल्या प्रेक्षकांपुढें त्यांनीं सुधाकराचा संसार पेल्यांत बुडूं दिला. मूल गेलें, सिंधु गेली, सुधाकरानें विष घेतलें. मद्यपाननिषेधाचीं शंभर व्याख्यानें जें करूं शकलीं नसतीं तें या एका शेवटानें केलें. शेवटच्या अंकांत सुधाकर सुधारून घरीं परतता तर प्रेक्षक टाळ्या पिटून निघून गेले असते, आणि गुत्त्यावरची गर्दी एकानेंही कमी झाली नसती.

पुढें क्षयानें जर्जर झालेले गडकरी नागपूर जिल्ह्यांत सावनेर येथें वडील बंधूंच्या घरीं होते. हातांत ‘भावबंधन’ होतें. दिवाळीस वहीखातें मिटविणारा व्यापारी कोणतें येणें वसूल होण्याजोगें आहे हें आधीं पाहतो. गडकऱ्यांनीं तेंच केलें असें आम्हांस वाटतें. सर्व पसारा आवरणें शक्य नव्हतें, एक नाटक पुरें करणें शक्य होतें. आणि तें नाटक कसलें? मृत्यूचा विलाप नव्हे! लतिकेनें केलेल्या अपमानाचा सूड घेऊं पाहणारा घनश्याम त्यांत आहे खरा, पण त्याच्या भोंवतीं कामण्णासारखीं खदखदां हसविणारीं माणसें आहेत. मरणाच्या दारीं बसलेल्या माणसानें महाराष्ट्राच्या हांशाची सोय करून ठेवली.

याचें श्रेय रोगास देऊं नये. क्षय गिरणीकामगारांच्या चाळींतही होत असे. तेथें त्यानें कोणास नाटककार केलें नाहीं, माणसें मात्र नेलीं. रोगानें गडकऱ्यांची शक्ति हिरावली. ‘एकच प्याल्या’चीं पदें देखील त्यांच्या हातून झालीं नाहींत; तीं विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं. शेवट डोळ्यांपुढें ठेवून काम निवडण्याचा निश्चय, तो गडकऱ्यांचा स्वतःचा होता. रोगाची थोरवी गाणारे लोक स्वच्छ हवा, विसावा व वेळेवर औषध यांविषयींचें आपलें कर्तव्य मात्र सोयीनें विसरतात.

ता. २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, गडकरी वारले. ‘भावबंधना’चा शेवटचा अंक त्यापूर्वीं अवघे कांहीं तास आधीं पुरा झाला होता. पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधु आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर लोकांनीं पाहिला, तो लेखकाच्या पश्चात्. ‘राजसंन्यास’ छापलें गेलें तें अपुरेंच.