वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट व नाशिकचा वाडा

मुंबईस गेलेली आपली मंडळी समुद्र पाहावयास अपोलो बंदरावर जातात, आणि मुले बरोबर असली तर जवळच्या वस्तुसंग्रहालयातही शिरतात. १९९८ पर्यंत त्यास प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत; आता ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. आत पाऊल टाकताच थोरल्या घुमटाखाली कोरीव लाकडी खांबांचा व महिरपींचा एक मंडप दृष्टीस पडतो. तो मंडप नाशिकचा आहे. आपल्या शहरातील एका जुन्या वाड्याचे ते लाकूडकाम संग्रहालयाच्या शिल्पज्ञाने विकत घेतले, मुंबईस नेले व नव्या इमारतीच्या ऐन गाभ्यात बसविले. आपल्या धर्मग्रामातील फार थोड्यांस ही गोष्ट ठाऊक असेल, म्हणून या ज्युबिलीच्या निमित्ताने त्या गृहस्थाचे चरित्र सांगावेसे वाटते. ते आपल्या मंडळीचे होते असा माझा दावा नाही. परंतु परक्या देशी येऊन तेथे वास्तू उभारणाऱ्याने ती कोणाच्या रीतीने उभारावी, हा प्रश्न आपल्या मिशनच्या इतिहासातही पदोपदी येतो.

जॉर्ज विटेट यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी स्कॉटलंडातील ब्लेअर अथॉल या गावी झाला. पर्थ येथे उमेदवारी करून, पुढे एडिंबरो व यॉर्क येथे काही काळ काम करून, १९०४ साली वयाच्या पंचविशीत ते मुंबईस उतरले. मुंबई त्या वेळी मोठ्या उलथापालथीत होती. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीच्या चाळींचा घात केला होता. १८९८ मध्ये स्थापन झालेला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जुन्या वस्तीतून नवे रस्ते काढीत होता, आणि समुद्र हटवून नवी जमीन तयार होत होती. अशा शहरास शिल्पज्ञांची निकड होती. जॉन बेग नामक स्कॉटिश शिल्पज्ञ सरकारी सल्लागार होते. विटेट त्यांचे साहाय्यक झाले व पुढे त्यांच्याच जागी आले.

त्यांच्या आधीच्या पिढीने मुंबईत विलायती गॉथिक पद्धतीच्या इमारती उभारल्या होत्या. १८८८ मध्ये पुरे झालेले बोरीबंदरचे स्टेशन हा त्यांतला मुकुटमणी होय. बेग व विटेट यांनी दुसरी वाट धरली. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. तेथील घुमट व गुजरातेतील सोळाव्या शतकातील कमानी यांचा त्यांनी आदराने अभ्यास केला. संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडच्या युवराजांनी बसविली होती; १९०९ च्या स्पर्धेत विटेट यांचा आराखडा पसंत झाला. कुर्ल्याचा करडा व मालाडचा पिवळसर दगड, दख्खनी घुमट, आणि आत आपल्या नाशिकच्या सुतारांचे काम, असा तो मेळ आहे. १९१४ मध्ये इमारत पुरी झाली, तोच महायुद्ध पेटले व तेथे लष्करी इस्पितळ थाटावे लागले. संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी उघडली.

नाशिकचे धन मुंबईस गेले, अशी तक्रार कोणी केल्यास मला तिचे उत्तर सहज देता येणार नाही. ज्या घराचे खांब निघाले त्या घरच्या माणसांस काय वाटले असेल, हे इतिहासात लिहिलेले नसते. तथापि गोदाकाठचे किती वाडे आमच्या हयातीत पडले, त्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या भावाने गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एका परदेशीय माणसास त्या कोरीव कामाची जी किंमत कळली ती आपणांस कळली नाही, ही खंत मनातून जात नाही. या भागात आलेल्या आपल्या परदेशीय फादरांनी मराठी शिकून मराठीत उपदेश केला. मात्र प्रार्थनामंदिरे बहुधा आपल्या मायदेशाच्या वळणावर बांधली. प्रत्येक देशाच्या कलेस उपासनेत मानाचे स्थान असावे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले. विटेट यांनी आपल्या क्षेत्रात ती दिशा कितीतरी आधी धरली होती.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. बादशहा पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात येथे उतरले तेव्हा दगडी कमान नव्हतीच. १९१३ मध्ये कोनशिला बसली, १९१४ मध्ये आराखडा मंजूर झाला, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन झाले. खर्च सुमारे २१ लक्ष रुपये, मधला घुमट ४८ फूट व्यासाचा. पैसा संपल्यामुळे कमानीसमोर यावयाचा सरळ रस्ता कधी झालाच नाही. म्हणून आजही ती रस्त्याशी तिरपी उभी दिसते. येथे विटेट यांच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. रूप देशी असले तरी धनी परका होता व हेतू राजवैभवाचा होता. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीखालून परत गेली.

याहून मला त्यांचे एक लहानसे काम मोलाचे वाटते. १९१७ मध्ये जे. जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शिल्पज्ञांची संस्था काढली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद विटेट यांनी स्वीकारले. तीच संस्था आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने देशभर चालते.

गोदीच्या खोदाईतील मातीने भरून काढलेल्या बॅलार्ड इस्टेटीतील इमारती, विज्ञानसंस्था, परळचे के. ई. एम. इस्पितळ, ही कामेही त्यांचीच. पुढे सरकारी चाकरी सोडून ते टाटांच्या इंजिनिअरिंग कंपनीत गेले. टाटांचे बॉम्बे हाऊस १९२४ मध्ये त्यांच्या आराखड्यावरून उभे राहिले. स्वदेशी परतून विश्रांती घेण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ११ सप्टेंबर १९२६ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तीव्र आमांशाने त्यांचे मुंबईतच निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांस पुरले आहे.