एका मुलाचा डोळा, एका मजुराची नजर: डॉ. एडुआर्ड झिर्म

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माझ्या डाव्या डोळ्याला मोबाईलवरचं एकेक अक्षर दोन-तीनदा दिसायचं. चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. शेवटी सोलापुरातल्या एका डॉक्टरांनी कॉर्नियाचा नकाशा काढला आणि सांगितलं, केराटोकोनस. म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा फुगतो. पुढच्या महिन्यात माझं कॉर्निया प्रत्यारोपण आहे. रात्री झोप येईना, म्हणून हे आधी कोणी जमवलं ते शोधत बसलो.

एडुआर्ड झिर्म १८६३ साली व्हिएन्नात जन्मले. ओलोमोउत्स या गावात (तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी, आज चेक प्रजासत्ताक) ते डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अलॉइस ग्लोगार नावाचा मजूर आला. चुन्यानं त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. भिजवलेली चुनकळी कशी खदखदते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याआधी प्राण्यांचे कॉर्निया लावून बघितले होते, पण ते पांढरे पडायचे. झिर्मना माणसाचाच हवा होता. मग कार्ल ब्राउअर हा ११ वर्षांचा मुलगा आला. डोळ्यात लोखंड घुसलेलं, डोळा काढावाच लागणार होता. कॉर्निया मात्र स्वच्छ होता.

७ डिसेंबर १९०५. चावी दिल्यावर घड्याळासारखं फिरणारं गोल पातं वापरून झिर्मनी कार्लच्या कॉर्नियातून दोन चकत्या कापल्या. त्या मिठाच्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या कापडात ओल्या ठेवल्या आणि ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांत बसवल्या. चकतीला टाके नाहीत, वरून आडवे दोरे ताणून ती दाबून धरली. आजच्यासारखी औषधंही नव्हती. (मला तर नुसत्या थेंबांसाठी फोनवर चार अलार्म लावायला सांगितलेत.)

एका डोळ्यातली चकती टिकली नाही. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला, खरं सांगतो. पण दुसरी पारदर्शक राहिली आणि ग्लोगार पुन्हा कामावर गेला. पूर्ण जाडीचं, माणसात यशस्वी झालेलं ते पहिलं कॉर्निया प्रत्यारोपण. माझ्या डोळ्यात सगळ्यात आतला थर माझाच ठेवून फक्त पुढचे थर बदलणार आहेत. त्यामुळे शरीरानं कॉर्निया नाकारायची भीती कमी होते.

झिर्म १९४४ मध्ये वारले. मला कोणाचा कॉर्निया मिळणार ते आपल्याकडे सांगत नाहीत. कार्लचं नाव मात्र पाठ झालंय.