बियाण्यांचा राखणदार : निकोलाय वाविलोव्ह

शेतीच्या संशोधनाला पैसा बहुधा सरकार देते. मग संशोधन कशावर करायचे आणि ते किती वर्षांत पुरे करायचे, हे कोणी ठरवावे? शास्त्रज्ञाने, सरकारने, की ज्याच्या ताटात भाकरी नाही त्याने? मी कलाशाखेचा विद्यार्थी; वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. पण रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांच्या आयुष्याची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

वाविलोव्ह यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोत झाला. वडील मूळचे शेतकरी कुटुंबातले, पुढे कापडाच्या धंद्यात वर आलेले. मुलाने मात्र शेतीशास्त्राची वाट धरली. इंग्लंडमध्ये बेटसन यांच्यासारख्या आनुवंशशास्त्रज्ञाकडे अभ्यास करून ते परतले आणि १९१७ साली व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरी प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांच्याकडे पेट्रोग्राडच्या उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागाची सूत्रे आली. त्याच सुमारास व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला व लाखो माणसे अन्नावाचून मेली. रोगाला आणि अवर्षणाला तोंड देणारी पिके तयार करायची, हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास बनला.

त्यासाठी आधी जगभरचे बियाणे जमवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. जे पीक जिथे मूळ जन्मले, तिथे त्याचे सर्वांत अधिक प्रकार सापडतात. त्या प्रकारांतच रोगाला न जुमानणारे गुण दडलेले असतात. १९२६ साली त्यांनी पिकांच्या उगमस्थानांचा हा सिद्धांत मांडला. अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, दक्षिण अमेरिका असे कित्येक देश पालथे घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच लाख नमुने गोळा केले. हा सारा खर्च सोव्हिएट सरकारने केला, हे विसरता कामा नये. १९२९ साली नव्या कृषिविज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्षपदही सरकारने त्यांनाच दिले.

पण पुढे दिवस पालटले. सामुदायिक शेतीची सक्ती झाली, शेती कोलमडली, १९३२-३३ साली पुन्हा दुष्काळाने थैमान घातले. सरकारला उत्तर हवे होते आणि तेही लगेच. नवे वाण काढायला दहा-बारा वर्षे लागत. १९३१ च्या हुकमाने ते काम चार वर्षांत मागितले. वाविलोव्ह यांनी खरे ते सांगितले की, एवढ्यात हे होणार नाही. त्याच वेळी त्रोफिम लिसेंको नावाचा तरुण पुढे आला. बियाणे भिजवून थंडीत ठेवले की उत्पन्न वाढते, असा त्याचा दावा होता. आनुवंशशास्त्रच त्याला मान्य नव्हते. गंमत अशी की, प्रारंभी वाविलोव्ह यांनीच त्याच्या कामाला उत्तेजन दिले होते. पण लिसेंको सरकारला हवी ती मुदत कबूल करी, म्हणून स्टालिनची मर्जी त्याच्यावर बसली. १९३८ साली अकादमीचे अध्यक्षपदही त्याच्याकडे गेले.

वाविलोव्ह मागे हटले नाहीत. ऑगस्ट १९४० मध्ये पश्चिम युक्रेनमध्ये बियाणे गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. हेरगिरी आणि शेतीची नासधूस असे आरोप ठेवून त्यांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. पुढे ती वीस वर्षांच्या कैदेवर आली. जानेवारी १९४३ मध्ये ते तुरुंगात उपासमारीने खंगून वारले. तो तुरुंग सारातोव्हचा होता, जिथे ते प्रथम प्राध्यापक झाले होते!

इकडे लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता. वाविलोव्ह यांच्या संस्थेत धान्याच्या पिशव्या रचलेल्या होत्या. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह व इतर कित्येक सहकारी तिथे भुकेने मेले, पण त्यांनी त्या बियाण्याला तोंड लावले नाही. हे वाचताना मला आमच्या आजीची आठवण झाली. कितीही ओढग्रस्तीचे वर्ष असो, बियाण्यासाठी राखलेल्या जोंधळ्याला ती हात लावू देत नसे.

१९४८ साली रशियात आनुवंशशास्त्राच्या अध्यापनावरच बंदी आली. लिसेंकोचा प्रभाव १९६४-६५ पर्यंत टिकला, आणि तोवर त्या देशाचे जीवशास्त्र एक पिढी मागे पडले. वाविलोव्ह यांना १९५५ साली निर्दोष ठरवले गेले. आज ती संस्था त्यांचेच नाव लावते.

मित्रहो, सरकारने घाई केली यात मला नवल वाटत नाही. भुकेल्या माणसाला बारा वर्षे थांब असे कोणत्या तोंडाने सांगणार? कोणते दुखणे आधी बरे करायचे हे लोकांनी व सरकारने जरूर सांगावे. पैसा त्यांचाच आहे. पण त्या दुखण्याचे औषध काय आणि ते किती दिवसांत लागू पडेल, हे हुकमाने ठरत नाही. आज जैवतंत्रज्ञानाच्या काळातही नव्या वाणासाठी शास्त्रज्ञांना अशाच जुन्या, रानटी वाणांकडे वळावे लागते. ते जपून ठेवण्याचा खर्च एका वर्षात फेडून मिळत नाही. असा खर्च कोणी करायचा, हे आपल्यालाही ठरवावे लागेल.