आल्बर्ट आइन्स्टाइन : चरित्र आणि गैरसमज

विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांमध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याइतके नाव क्वचितच कोणाचे झाले असेल. परंतु नाव जितके मोठे, तितकेच त्याभोवती जमलेले गैरसमजही मोठे. ते गणितात नापास झाले होते, सर्व काही सापेक्ष असते असे त्यांनी सिद्ध केले, अणुबाँब त्यांनीच बनवला, अशी विधाने सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतात. म्हणून त्यांच्या चरित्राची ओळख करून घेताना हे समज तपासून पाहणे इष्ट ठरेल.

आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा विजेच्या उपकरणांचा व्यवसाय होता. पुढे त्यात त्यांना खोट आली. आल्बर्ट यांना लहानपणापासून गणिताची गोडी होती व कलनशास्त्रही त्यांनी कोवळ्या वयातच स्वतः अभ्यासून आत्मसात केले. १८९५ साली, नेहमीच्या वयाआधी दोन वर्षे, ते झुरिचच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेस बसले. गणित व भौतिकशास्त्रात ते चमकले, पण फ्रेंचसारख्या विषयांत कमी पडल्यामुळे प्रवेश हुकला. वर्षभर आराऊ येथील शाळेत राहून त्यांनी तयारी केली आणि १८९६ च्या शालान्त परीक्षेत बीजगणित व भूमितीत ६ पैकी ६ श्रेणी मिळवली. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी, तर स्वित्झर्लंडमध्ये ६. हा फरक ठाऊक नसलेल्याला ते गुणपत्रक नापासाचे वाटावे यात नवल नाही. गणितात नापास होणारेच पुढे आइन्स्टाइन होतात, असे सांगून मुलांची समजूत घालणाऱ्या पालकांनी ही हकिगत अवश्य ध्यानी घ्यावी.

धीर घ्यायचाच असेल तर तो त्यांच्या पुढील दिवसांवरून घ्यावा. १९०० साली पदविका हाती आली, पण दोन वर्षे कायमची नोकरी मिळाली नाही. वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान यांच्या वडिलांच्या शिफारशीने १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात जागा मिळाली. तेथे नोकरी करीत असतानाच १९०५ या एका वर्षात त्यांनी प्रकाशाचे कण, द्रवातील सूक्ष्म कणांची हालचाल, सापेक्षता आणि वस्तुमान व ऊर्जा यांचा संबंध या विषयांवर युगप्रवर्तक निबंध लिहिले.

सापेक्षतेचा अर्थ सर्व काही ज्याच्या त्याच्या मानण्यावर आहे, असा मुळीच नाही. उलट या उपपत्तीचा पाया दोन अढळ गोष्टींवर आहे. एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच लागू पडतात आणि प्रकाशाचा निर्वात जागेतील वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, सर्वांना सारखाच आढळतो. हे दोन्ही कायम राखायचे म्हणून काळ व लांबी यांची मोजमापे गतीनुसार बदलतात. न्यूटनचे नियमही त्यामुळे रद्द झाले नाहीत. रोजच्या व्यवहारातील वेगांना ते आजही पुरेसे आहेत.

मराठीत रूढ झालेल्या ‘सापेक्षतावाद’ या नावातील ‘वाद’ या शब्दामुळे आणखी एक घोटाळा होतो. हे केवळ एक मत आहे, असे लोकांना वाटते. शास्त्रातील उपपत्ती निराळी असते; ती खोटी ठरण्याचा धोका पत्करते. नोव्हेंबर १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षतेने, सूर्याच्या कडेजवळून येणारे ताऱ्यांचे किरण नेमके किती वाकतील, हे आधीच सांगितले होते. न्यूटनच्या विचारसरणीने निघणाऱ्या आकड्याच्या ते दुप्पट होते. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आदी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी छायाचित्रे घेतली आणि कौल आइन्स्टाइन यांच्या बाजूने पडला. आज मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात ठिकाण काही किलोमीटरने चुकेल.

१९२१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना १९२२ मध्ये देण्यात आले, तेही सापेक्षतेसाठी नव्हे, तर प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस या अपरिचित भारतीय प्राध्यापकाने पाठवलेला निबंध त्यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध करवला, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांनी मायदेश कायमचा सोडला व ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. जर्मनी अणुबाँब बनवील या भीतीने १९३९ साली त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रावर सही केली, एवढाच त्यांचा बाँबशी संबंध. बाँब तयार करण्याच्या कामात त्यांना घेतलेच नव्हते. त्यांचे समीकरण ऊर्जा किती सुटेल हे सांगते, बाँब कसा बनवावा हे सांगत नाही. पुढे त्या सहीचा त्यांना खेद वाटला आणि अखेरपर्यंत ते अण्वस्त्रांविरुद्ध झटले. १८ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उपपत्तीतून निघालेल्या गुरुत्वलहरी २०१५ साली अमेरिकेत प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. अशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. विद्यार्थी मित्रहो, तेथे काम करण्यासाठी दैवी बुद्धी लागत नाही, पण गणित मात्र लागते. ते कठीण म्हणून सोडू नका, आणि थोरांविषयी ऐकलेली गोष्ट पडताळून पाहिल्याशिवाय पुढे सांगू नका.