पुस्तकांचे विश्वस्त : सर विल्यम ऑस्लर

आपल्या घरात कोणी एम.बी.बी.एस. करत असेल, तर त्याला सर विल्यम ऑस्लर हे नाव नक्की ठाऊक असते. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला की बोटांच्या टोकांवर ज्या दुखऱ्या गाठी येतात, त्यांना आजही ऑस्लरचेच नाव आहे. विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवणारे प्राध्यापक म्हणून ते जगभर ओळखले जातात. आम्ही मात्र येथे त्यांची दुसरी ओळख करून देत आहोत, ती म्हणजे जुन्या वैद्यकीय ग्रंथांचे संग्राहक ऑस्लर.

त्यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, बाँड हेड या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा असे आधी ठरले होते. पण शाळेत जॉन्सन नावाच्या गुरुजींनी त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला, आणि सतराव्या शतकातील इंग्रज डॉक्टर सर थॉमस ब्राउन यांच्या ‘रिलिजिओ मेडिसी’ या ग्रंथाची गोडीही लावली. पुढे टोरांटोत डॉ. जेम्स बोव्हेल यांनी आपले ग्रंथालय या विद्यार्थ्याला मोकळे करून दिले. ऑस्लरांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले पहिले पुस्तक शेक्सपिअरचे होते आणि दुसरे ‘रिलिजिओ मेडिसी’. ती साधी प्रत त्यांनी जन्मभर जवळ ठेवली.

१८७२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि दोनच वर्षांनी तेथेच शिकवू लागले. १८८४ मध्ये फिलाडेल्फिया, १८८९ मध्ये बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स आणि १९०५ मध्ये ऑक्सफर्ड असा त्यांचा प्रवास झाला. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वैद्यकावरील पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ते पुस्तक त्यांनी जॉन्सन, बोव्हेल आणि हॉवर्ड या तीन गुरूंना अर्पण केले होते. त्याच्या उत्पन्नातून जुने ग्रंथ घेण्याचे बळ त्यांना मिळाले.

नुसते जुने आणि दुर्मीळ पुस्तक मिळाले म्हणून ऑस्लरांचे समाधान होत नसे. ते कोणी लिहिले, कोणाला भेट दिले, कोणाच्या कपाटात राहिले आणि आपल्यापर्यंत कसे आले, याचा ते शोध घेत. पूर्वी हुंडीच्या पाठीवर एकाखाली एक सह्या असत आणि त्यांवरून ती कोणाकोणाच्या हातून आली ते कळे. पुस्तकाच्या पहिल्या पानावरील सह्यांचेही तसेच असते. ऑस्लर स्वतःच्या ग्रंथांत ते कसे मिळाले याच्या नोंदी लिहून ठेवत.

ऑक्सफर्डमधली एक गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. ‘ॲनाटॉमी ऑफ मेलँकली’ हा विषण्णतेच्या विकारावरील प्रसिद्ध ग्रंथ १६२१ साली लिहिणारे रॉबर्ट बर्टन तेथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयात राहत. १६४० साली ते वारले आणि त्यांची पुस्तके बोडलियन ग्रंथालय व क्राइस्ट चर्च अशा दोन ठिकाणी वाटली गेली. पुढे अडीचशेहून अधिक वर्षे ती इतर पुस्तकांत मिसळून गेली होती. ऑस्लरांनी पुढाकार घेऊन सह्या आणि खुणांवरून ती हुडकून काढली. क्राइस्ट चर्चमधली शेकडो पुस्तके बर्टन यांच्या चित्राभोवती पुन्हा एकत्र लावली गेली. त्या सह्या नसत्या तर कोणते पुस्तक कोणाचे हे कोणी सांगू शकले नसते.

जमवलेले सगळे आपल्याच कपाटात राहावे असा त्यांचा हट्ट नव्हता. व्हेसालियसचा शरीररचनेवरील १५४३ सालचा महाग ग्रंथ त्यांनी एकाहून अधिक वेळा विकत घेतला आणि त्याच्या प्रती ग्रंथालयांना देऊन टाकल्या. १८९८ साली अमेरिकेत वैद्यकीय ग्रंथालयांची संघटना स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले.

त्यांचा एकुलता मुलगा रेव्हिअर यालाही पुस्तकांचे वेड लागले होते. पण पहिले महायुद्ध आले. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रजवळ तो जखमी झाला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला. ऑस्लरांचे स्नेही, मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग शेवटच्या घडीला त्याच्याजवळ होते. मुलाची इंग्रजी साहित्याची पुस्तके आई-वडिलांनी त्याच्या स्मरणार्थ जॉन्स हॉपकिन्सला दिली. घरी रुग्ण, पाहुणे आणि विद्यार्थी येत राहिले, पण ऑस्लर आतून खचले होते. उरलेला वेळ त्यांनी आपल्या संग्रहाच्या सूचीला दिला.

सूची पुरी होण्याआधीच, २९ डिसेंबर १९१९ रोजी ते वारले. त्यांच्या शवपेटीवर विद्यार्थिदशेत घेतलेली ‘रिलिजिओ मेडिसी’ची तीच प्रत ठेवली होती. सुमारे ८,००० ग्रंथांचा संग्रह त्यांनी मॅकगिलला देऊन ठेवला होता. त्यांचे नातेवाईक फ्रान्सिस आणि दोन सहकारी यांनी सूचीचे काम पुढे नेले आणि १९२९ साली ती ‘बिब्लिओथेका ऑस्लेरियाना’ या नावाने छापून निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात मॉन्ट्रियलमध्ये ऑस्लर ग्रंथालय उघडले. ऑस्लर आणि लेडी ऑस्लर यांच्या अस्थी त्याच ग्रंथालयात, त्या पुस्तकांच्या सोबतीला आहेत.

आपले पूर्वज या गावी आले तेव्हा काहींनी वैद्यकाची बाडे आणली, काहींनी पोथ्या, तर काहींनी पुढे डॉक्टरकीची इंग्रजी पुस्तके घेतली. घर आवरताना ती रद्दीत जातात. देण्याआधी पहिले पान एकदा उघडून पाहावे, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे. सही असेल तर ती कोणाची, पुस्तक घरात कधी आले, हे माहीत असणारी माणसे अजून आहेत तोवर विचारून घ्यावे आणि पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे. पुस्तक ग्रंथालयाला देताना ती चिठ्ठीही सोबत द्यावी.